थांबा मास्तरांचं नाक

चोवीस माग एकदम चालू असले की शेजारच्याच्या कानाला तोंड लावून ओरडलं तरी निम्मे शब्द पोचत नाहीत. अशा गदारोळात आमच्या थांबा मास्तरांना न थांबलेला माग ऐकू यायचा. ही अतिशयोक्ती नाही. पत्रकं लिहून लिहून मला अतिशयोक्तीची सवय लागली होती, ती मोडली त्यांनीच. दारात चहा पिता पिता मास्तर अचानक पेला कट्ट्यावर ठेवायचे, मान तिरकी करायचे आणि तडक सतरा नंबरच्या मागाकडे चालू लागायचे. तिथं आडवा तार, म्हणजे धागा, तुटलेला असायचा, माग रिकामाच खडखडत असायचा, आणि सुकलाल नावाचा अमळनेरकडचा कारागीर पलीकडच्या ओळीकडे तोंड करून निवांत उभा असायचा. "थांबा!" मास्तर ओरडायचे. ऐकू कोणालाच यायचं नाही. पण तो उघडलेला जबडा आणि वर गेलेला हात सगळ्यांना दिसायचा. उधन्याच्या त्या अख्ख्या खात्यात नाव पडलं, थांबा मास्तर.

खातं म्हणजे आमच्या सुरतेत मागांचा कारखाना, आणि मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे, माग दुरुस्त करणारा. माझे वडील त्याच खात्यात कारागीर होते. शाळा सुटली की मी त्यांचा डबा घेऊन जायचे, तेव्हापासून मास्तरांना बघत आले. बारीक अंगकाठी, कानामागे पेन्सिलीच्या जागी पेचकस, खांद्यावर तेलकट चिंधी, आणि त्या चिंधीनं सारखं तोंड पुसायची खोड. त्यामुळे मास्तरांच्या तोंडावर दोन-चार काळे डाग कायमचे असायचे. आज गालावर, उद्या कपाळावर. त्यांच्याकडे कोणी बघत नसे. खात्यात स्वच्छ तोंडाचा माणूस एकच, तो शेठ.

मास्तरांचं सगळं तत्त्वज्ञान मागातल्या एका बोटभर काट्यात मावत असे. धोटा इकडून तिकडे आडवा तार नेतो. तार जागेवर असला की काटा उचलला जातो आणि माग चालू राहतो. तार तुटला की काटा उचलला जात नाही, तो एका दांड्यात अडकतो, तो दांडा दुसऱ्या दांड्याला ढकलतो, दुसरा हँडलला ढकलतो, आणि माग आपोआप थांबतो. झकास योजना. पण कारागिराची मजुरी मीटरवर, आणि जुना काटा कधी कधी उगाचच माग थांबवतो. म्हणून कारागीर काय करतो? काट्याला चिंधी बांधून टाकतो. मग तार असो नसो, माग चालूच. मास्तर रोज सकाळी कात्री घेऊन फिरायचे आणि चिंध्या कापायचे. दुपारपर्यंत सुकलालनं चिंधीच्या जागी लोखंडी तार गुंडाळलेली असायची. तार काढली की दुसऱ्या दिवशी खिळा. "माग चालवायला काय, वीज पण चालवते," मास्तर म्हणायचे. "थांबवायला अक्कल लागते." सुकलाल मान डोलवायचा आणि खिशात नवी चिंधी चाचपायचा.

मी पत्रकं काढू लागले ती अंबादासमुळे. अंबादास आमच्या गोडादऱ्यातल्या गल्लीतला, बाजारात कापडाची पोटली उचलणारा. त्याच्या तळव्यावर काळा डाग उठला. काटा मोडला असेल म्हणून तो सुईनं कोरत बसला. मग भोवरी असेल म्हणून त्यानं पट्ट्या लावल्या. कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं मलम दिलं, दुसऱ्यानं दुसरं मलम दिलं. तो कातडीचा कॅन्सर आहे हे कळलं तेव्हा तो जांघेपर्यंत चढला होता. अंबादास गेला. मला संताप याचा आला की गोरं व्हायचं मलम पानाच्या टपरीवर टांगलेलं असतं, पण 'बाबा रे, अंगावरचा बदलणारा डाग दाखव' असं सांगणारा एक चिटोरा या एवढ्या मोठ्या शहरात आमच्या भाषेत मिळत नाही. कातडी गोरी करायला सगळे तयार, वाचवायला कोणी नाही! आम्ही पाच-सहा जणांनी गट काढला आणि मी पहिलं पत्रक लिहिलं. मथळा होता: 'कातडीतल्या बंडखोर पेशी आणि वृद्धिसंकेतवहनाचे मार्ग'.

मला ते फार भारी वाटलं होतं. खात्याच्या दारात मी ते वाटलं. कोणी त्यावर भजी ठेवली, कोणी घडी घालून टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सारलं. वाचलं फक्त मास्तरांनी. चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, कट्ट्यावर बसले आणि ओळीखाली पेचकस फिरवत फिरवत अख्खं वाचलं.

"पत्रकवाले," ते म्हणाले. माझं हे नाव त्यांनीच पाडलं. "हा वृद्धिसंकेतवहनाचा मार्ग कुठून कुठं जातो? उधन्यावरून जातो का?"

मी चिडले. मग समजावलं. पेशीनं कधी वाढायचं आणि कधी थांबायचं हे ती एकटी ठरवत नाही. बाहेरून निरोप येतो. तो घेणारं प्रथिन पेशीच्या पडद्यावर दारवानासारखं बसलेलं असतं. ते आतल्या दुसऱ्याला ढकलतं, दुसरं तिसऱ्याला, आणि असं करत निरोप पेशीच्या मध्यापर्यंत पोचतो: एकाच्या दोन व्हा. बोट कापलं, निरोप आला, कातडी भरली, निरोप बंद, वाढ बंद. शिवाय मध्ये मध्ये अडवणारी प्रथिनं असतात, ती निरोप नसताना साखळी हलू देत नाहीत. पण वर्षानुवर्षं ऊन खाऊन किंवा आणखी कशानं पेशीच्या आतला आराखडा बिघडला, अडवणारं प्रथिनच नीट बनलं नाही, तर निरोप आलेला नसतानाही आतली ढकलाढकली चालूच राहते. एकाच्या दोन, दोनाच्या चार.

मास्तरांच्या हातातला चहा गार झाला. मग म्हणाले, "म्हणजे काटा बांधला."

"काय?"

"काटा बांधला गं! तार तुटलाय, कापड बनत नाही, पण माग चालूच." ते उठले आणि पत्रकाच्या मथळ्यावर पेचकस आपटला. "मग हे खोटं लिहिलंयस तू. बंडखोर."

"खोटं कसं? शरीराविरुद्ध बंडच आहे ते."

"बंडखोर तू आहेस. शेठनं दार लावलं की तू कारागिरांसाठी बाहेर बसून ओरडतेस. बंडखोराला दार दिसतं, शेठ दिसतो. या पेशीला काय दिसतं? ती बिचारी हुकूम पाळतेय. न दिलेला हुकूम पाळतेय. तिला कोणी थांब म्हणणारा राहिला नाही, एवढंच."

मी त्या दिवशी भांडले. बंडखोर हा शब्द माझ्या फार जवळचा होता, आणि त्याला कॅन्सरपासून वाचवायला एक माग दुरुस्त करणारा लागला याची मला लाज वाटली. लाज वाटली की मी भांडते.

मास्तर मला आत घेऊन गेले. सतरा नंबरच्या मागापाशी उभे राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या हातानं काट्याला चिंधी बांधली. आजूबाजूचे कारागीर धावत आले. सुकलालचा चेहरा तर लेकाचं लग्न ठरल्यासारखा फुलला. मास्तरांनी आडवा तार तोडला. माग थांबला नाही. धोटा रिकामाच धावत राहिला, आणि खालून कापडाऐवजी उभ्या धाग्यांची नुसती झालर येऊ लागली. मग त्यांनी हँडल मुठीत धरून चालूच्या बाजूला दाबून ठेवलं आणि माझ्या कानात ओरडले, "आणि हे? हँडलच अडकलं तर?" मी ओरडून सांगितलं की तसंही असतं. काळ्या डागाच्या त्या वाईट कॅन्सरमध्ये पुष्कळदा साखळीतलं एक प्रथिनच चालूवर अडकून बसतं. मास्तरांनी हँडल सोडलं, चिंधी कापली आणि ती सुकलालच्या हातात ठेवली. "घे. कॅन्सर आहे हा."

नवं पत्रक मास्तरांच्या हाताखालून गेलं. ते फार निर्दय संपादक होते. "'भीषण' काढ. डाग भीषण नसतो म्हणूनच माणूस फसतो. दुखत नाही असं लिही." "'तत्काळ' काढ, 'या आठवड्यात' लिही. तत्काळ म्हणजे कधी ते कोणालाच माहीत नसतं." मथळा झाला: 'पेशीचा काटा कोणी बांधला?' खाली मागाचं चित्र, शेजारी पेशीचं, आणि त्याखाली दोन डाग. एक तळव्यावरचा, कडा वेड्यावाकड्या असलेला. दुसरा नाकाच्या कडेचा, काळपट, चकचकीत, मोत्यासारख्या काठाचा, मधूनच रक्त येणारा आणि खपली धरून पुन्हा तसाच होणारा. हे पत्रक भज्यांखाली गेलं नाही. लोक ते हातात धरून आपापले तळवे बघू लागले.

रविवारी सकाळी आम्ही गोडादऱ्यात गल्लीसभा ठेवली. मास्तर जुन्या मागाचा काटा आणि दांडे एका फळीवर ठोकून घेऊन आले होते. बायका ओट्यांवर बसल्या होत्या, कोणी मेथी निवडत, कोणी पोराला मांडीवर आपटत. मास्तर रंगात आले. दांडा ढकलत, काटा पाडत त्यांनी असं काही समजावलं की मेथी निवडणारे हात थांबले. शेवटी त्यांनी पत्रक वर धरलं आणि म्हणाले, "आता सांगा, असा डाग कोणाच्या अंगावर बघितलाय का?"

पहिल्या ओट्यावर भाजी विकणारी बेबाबाई बसली होती. तिला अक्षर येत नाही, पण नजर तराजूसारखी. तिनं पत्रकाकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं, परत पत्रकाकडे.

"वं माय," ती म्हणाली, "हाऊ डाग तं मास्तरना नाकवर शे!"

सगळी गल्ली हसली. मीही हसले. मास्तर तर सगळ्यात मोठ्यानं हसले, खांद्यावरची चिंधी काढली आणि नाक पुसलं, "अहो, तेल आहे ते." डाग गेला नाही. त्यांनी परत पुसलं, जरा जोरात. चिंधीवर रक्ताचा एक ठिपका उमटला.

हसणं गल्लीच्या त्या टोकाला अजून चालू होतं, आणि या टोकाला थांबलं होतं.

कित्येक वर्षं तो डाग माझ्या डोळ्यांसमोर होता. चित्र मी निवडलं होतं. वर्णन त्यांनी तपासलं होतं, 'मोत्यासारख्या काठाचा' हे शब्द तर त्यांचेच. आणि आम्ही दोघं ते पत्रक घेऊन शहरभर दुसऱ्यांची नाकं बघत हिंडत होतो! ज्या खात्यात प्रत्येकाच्या तोंडावर तेलाचा डाग असतो तिथं कुठला डाग पुसला जात नाही हे बघणार कोण? मी स्वतःवर जेवढी संतापले तेवढी त्याआधी कुठल्या शेठवर संतापले नव्हते.

दुसऱ्याच दिवशी मी मास्तरांच्या घरी गेले. निर्मलाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मलाच झापलं. "तुले काय समजस? हाऊ तीळ भाग्यना शे. हा उठला आणि वर्षाच्या आत हे घर झालं. मुलीला नोकरीवाला नवरा मिळाला. भाग्य कोणी कापून टाकतं का?"

"काकू, भाग्यातून रक्त येत नाही."

"टॉवेल लागतो त्यांना."

मास्तर खाटेवर बसून दात कोरत होते. "जाऊ गं दवाखान्यात," ते म्हणाले. "हा बीम संपू दे."

बीम म्हणजे उभ्या धाग्यांचं ते मोठं रीळ. ते संपायला काही दिवस लागतात, आणि एका मागावरचा संपला की दुसऱ्यावरचा अर्धा असतो. चोवीस मागांच्या खात्यात सगळे बीम एकदम संपलेत असा दिवस जगात उगवत नाही. मास्तरांना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. आठवडा गेला, दुसरा गेला. लग्नसराईचं काम आलं. मी रोज दारात उभी. "संपला बीम?" "संपत आलाय." मी माझी सगळी शस्त्रं काढली. 'थांबा मास्तरांना थांबवा!' असं पत्रक लिहून चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, चिकटवलं. मास्तरांनी ते फाडलं नाही. पेचकस घेऊन शुद्धलेखनाच्या दोन चुका खरवडल्या आणि कामाला गेले.

एकदा मात्र ते खरं बोलले. दुपारी कट्ट्यावर आम्ही दोघंच होतो. "मला समजलंय गं सगळं," ते म्हणाले. "समजलंय म्हणूनच पाय उचलत नाही. सुकलालला समजत नाही, तो मजेत असतो. मी दवाखान्यात गेलो आणि त्यांनी सांगितलं की अंबादाससारखं आहे, तर? आज माझ्याकडे निदान तीळ आहे."

आमच्या कामगार शिबिरांत सगळ्या प्रश्नांची उत्तरं शिकवतात, याचं नाही शिकवलं. मी तशीच निघाले. लारीपाशी सुकलाल चहा पीत होता. मी त्याला सगळं सांगितलं, अगदी रडकुंडीला येऊन सांगितलं.

सुकलालनं बशीतला चहा संपवला. "ताई, तो माणूस तुमचं ऐकणार नाही, बायकोचं ऐकणार नाही. तो एकच गोष्ट ऐकतो."

"कुठली?"

"माग."

आता हे सांगितलं पाहिजे की त्या खात्यात मी आधी दोन संप करायचा प्रयत्न केला होता. पहिल्यात तीन जण बाहेर आले, त्यातले दोघे विडी ओढायला. दुसऱ्यात मीच एकटी. शेठनं मला बसायला खुर्ची पाठवली होती, हा अपमान मी अजून विसरलेले नाही. पण मंगळवारी सकाळी नऊच्या सुमारास मी दारात उभी होते आणि मास्तर चहाचा पेला तोंडाला लावत होते, तेव्हा आत सुकलालनं सतरा नंबरच्या मागाचं हँडल ओढलं. मग अठरा. मग समोरची ओळ. एकामागून एक माग थांबत गेले, ओळीत उभे असलेले लोक खाली बसत जावेत तसे. शेवटचा माग थांबला आणि खात्यात चिमणी बोललेली ऐकू आली. मी जन्मात पहिल्यांदा त्या खात्यातली चिमणी ऐकली.

मास्तरांचा पेला हातातच राहिला. "काय झालं? वीज गेली?"

पंखे फिरत होते.

कारागीर आपापल्या मागापाशी हाताची घडी घालून उभे. कोणी गोडादऱ्याचा, कोणी ओडिशाचा, कोणी बिहारचा. इतर वेळी या लोकांचं चहात साखर किती यावरही एकमत होत नाही. सुकलाल पुढे आला आणि त्या शांततेतही सवयीनं ओरडलाच, "मास्तर! तार तुटलाय!"

"कुठल्या मागाचा?"

"तुमचा!"

शेठ वरून धावत आले. काय मागणी आहे, कोणाची मागणी आहे, कोणी भडकवलं, असं विचारत त्यांची नजर माझ्यावर आली. मी पुढे झाले. दोन संपांचं साठलेलं भाषण घशाशी आलं होतं. पण मागणी एकच होती, आणि ती एका ओळीची होती. "मास्तरांनी नाक दाखवून यावं. ते निघाले की माग चालू."

शेठनं मास्तरांच्या नाकाकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्यांनीही पहिल्यांदाच बघितलं असावं. मग त्यांनी हात जोडले. "मास्तर, जाओ ने भाई! नाक बतावी आवो, ने मारां मशीन चालु करावो!"

माझ्या आयुष्यातला पहिला यशस्वी संप पंचवीस मिनिटं चालला. मास्तरांनी कानामागचा पेचकस काढून सुकलालच्या हातात दिला. "एकाही काट्याला चिंधी दिसली तर बघ," म्हणाले, आणि माझ्या स्कूटरवर मागे बसले. पुलावर म्हणाले, "चोवीस माग बंद पाडले माझ्यासाठी. नालायक आहेत." आवाज जरा भिजलेला होता, पण वारा होता म्हणून आम्ही दोघांनीही ते वाऱ्यावर ढकललं.

मोठ्या सरकारी दवाखान्यातली डॉक्टर माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. तिनं भिंग लावून बघितलं, बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. अहवाल आला तेव्हा काकूही बरोबर होत्या. कॅन्सरच होता, पण अंबादासचा नव्हे. कातडीच्या तळच्या थरातल्या पेशींचा. "हा सहसा लांब पसरत नाही," डॉक्टर म्हणाली, "पण आहे तिथं खात जातो. वर्षभर उशीर केला असता तर नाकपुडी गेली असती, डोळ्याकडेही सरकला असता. आता पुरता काढता येईल."

मास्तरांनी लगेच खुर्ची पुढे ओढली. "यात काटा बिघडतो का हँडल अडकतं?"

डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. मी शक्य तितक्या थोडक्यात माग समजावला. ती हसली आणि पेन खाली ठेवलं. "काटा," ती म्हणाली. "या प्रकारात बहुतेक वेळा अडवणारं प्रथिनच निकामी होतं. मग पुढची साखळी मोकळी सुटते."

"ती साखळी अडवणारं औषध नाही?"

"आहे. फार वाढलेल्यांना देतात. पण कधी कधी पेशी दुसरी वाट काढतात. एक दांडा अडवला तर दुसऱ्या दांड्यानं काम चालू ठेवतात."

"सुकलाल!" मास्तर आनंदानं मांडीवर थाप मारून म्हणाले. "चिंधी काढली की तार, तार काढली की खिळा! डॉक्टर, तुम्हाला तर आमचं सगळं खातं माहीत आहे." मग त्यांनी विचारलं, मी ज्याची वाट बघत होते तो प्रश्न: हे मागाच्या तेलानं झालं का? मी वही उघडून तयार बसले होते. डॉक्टर म्हणाली, तुमच्या बाबतीत तसं सांगता येणार नाही. लहानपणी काय करायचात? "नंदुरबारकडे शेळ्या. दिवसभर उन्हात." ऊन हे मोठं कारण असतं, ती म्हणाली, ते वर्षानुवर्षांनी फळतं. बाकी नक्की कोणी सांगू शकणार नाही.

बाहेर आल्यावर मी म्हणाले, तरी पण 'शेठच्या तेलानं मास्तरांचं नाक खाल्लं' हा मथळा झाला असता. मास्तर जिन्यात थांबले. "पुरावा नाही ते लिहिलंस तर पुरावा आहे तेही कोणी वाचणार नाही. तेलकट चिंधीनं तोंड पुसावं लागतं हे खरं आहे ना? साबण नाही हे खरं आहे ना? दवाखान्यात जायला भरपगारी सुट्टी नाही हे खरं आहे ना? एवढ्या खऱ्यावर तुझं भागत नाही का?" भागलं. साबण मिळाला. सुट्टी मिळाली. शेठला त्या पंचवीस मिनिटांची चिमणी अजून ऐकू येत होती.

ऑपरेशन झालं. डाग कडेच्या चांगल्या कातडीसकट काढला आणि तिथं कानापुढची कातडी लावली. काकूंनी जायच्या आधी डॉक्टरला विचारलं होतं, तीळ घरी नेता येईल का. तो बाटलीत घालून तपासायला पाठवतात म्हटल्यावर त्या जरा खट्टू झाल्या. पण कडा स्वच्छ निघाल्या, काही उरलं नाही असा कागद आला, तेव्हा त्यांनीच देवापुढे साखर ठेवली. टाके काढायच्या दिवशी डॉक्टर मास्तरांना म्हणाली की निकामी झालेल्या त्या जीनला जगात जे नाव आहे त्याचा अर्थ ठिगळ लावलेलं असाच होतो. मास्तर आरशात नवं नाक बघत होते. "म्हणजे ठिगळ फाटलं म्हणून ठिगळ लावलं. शिंप्याचं काम आहे हो तुमचं." खात्यात पाय ठेवल्या ठेवल्या सुकलालनं विचारलं, "मास्तर, नाक कापून घेतलं?" मास्तर म्हणाले, "हो. माझंच कापलं. तू रोज खात्याचं कापतोस."

मास्तर आता सुरतेत नाहीत. गेल्या वर्षी काकू आणि ते नंदुरबारकडे, मुलीच्या गावी राहायला गेले. दर काही महिन्यांनी तपासणीला येतात, येताना मला मेहरूनची बोरं आणतात आणि माझ्या पत्रकातली विशेषणं कापून जातात. उधना स्टेशनवर त्यांना सोडायला अर्धं खातं आलं होतं. गाडी हलली तेव्हा मला घोषणा द्यायची होती, पण काय द्यावी ते सुचेना. सुकलालनं दिली. हात वर करून, जबडा उघडून, "थांबा!" म्हणून असा ओरडला की डब्यातली अनोळखी माणसंसुद्धा दाराशी आली. गाडी थांबली नाही. मास्तर दारात उभे राहून हसत होते. लांबून ते ठिगळ दिसतसुद्धा नव्हतं.

परवा त्यांचा फोन आला. गावात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या कानाच्या पाळीवर तसाच डाग दिसलाय. पत्रक दाखवलं, काटा समजावला, त्याला सगळं पटलं.

"मग गेला का दवाखान्यात?" मी विचारलं.

"म्हणतो, कापूस वेचून होऊ दे."

मला ते बीम आठवले. "मग आता?"

"आता काय. सकाळी त्याच्या शेतात गेलो आणि वेचणाऱ्या बायांना सांगितलं, बसा खाली. सगळ्या बसल्या. मीही बसलो त्यांच्यात, सरीत मांडी घालून."

"आणि तो?"

फोनमधून वाऱ्याचा आवाज येत होता, आणि लांबून बायकांच्या हसण्याचा.

"टोपी घालतोय," मास्तर म्हणाले. "अकराची एस्टी आहे. ठेवतो."